सड्याच्या उतारावर खानावळ बांधायची आहे, जेसीबी आणू का?

सड्यावरची

नमस्कार मंडळी. मी एरवी पाककृतींच्या धाग्यांवर असते, घरबांधणीच्या विभागात पहिल्यांदाच डोकावतेय.

डोंबिवलीत १२ वर्षं पोळीभाजी केंद्र चालवलं. लेक मार्गी लागली, यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि गेल्या दिवाळीपासून आम्ही राजापूर तालुक्यात, यांच्या गावी राहतोय. १८ गुंठे जागा आहे, बिनशेती झालेली. पूर्वेला वर रस्ता, रस्त्यापलीकडे सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार. रस्त्यापासून जागा पश्चिमेला खाडीच्या दिशेने उतरत जाते. यांनी नळीत पाणी भरून पातळी काढली, ११० फुटांत २२ फूट उतार. भरतीची रेषा अर्धा किलोमीटर लांब आहे, त्यामुळे सीआरझेडचं (किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचं) झेंगट नाही. मधे दोन जुने गडगे (दगड रचून केलेले बांध), तीन रातांबे, थोडी करवंदाची जाळी आणि एक फणस. फणस असा की मी आणि यांनी दोन्हीकडून मिठी मारली तरी बोटाला बोट लागत नाही. (मारून बघितली. शेजारचा पोरगा बघत होता, आता गावभर झालंय.)

इथे ४० माणसांची खानावळ काढायची आहे. मासे, आंबोळ्या, कुळथाची पिठी, मोदक आदल्या दिवशी सांगितले तर. गिऱ्हाईक कोण, तर कुलदैवताला आलेली मुंबई-पुण्याची कुटुंबं, सोबत आजी-आजोबा, आणि हल्ली कातळशिल्पं बघायला येणारी तरुण पोरं.

ठेकेदार येऊन गेले. म्हणाले, "वहिनी, दोन दिवस जेसीबी लावू, सगळं एका लेव्हलला घेऊ, वर स्लॅब. नॅचरल लुक पाहिजे ना? मग बाहेरून चिऱ्याच्या टाइल्स मारू." जिथे हातभर खणलं की चिरा, म्हणजे जांभा दगड, लागतो, तिथे चिऱ्याचं चित्र असलेली टाइल! फणस मधे येतो म्हणून तोडायचा, आणि आत शोभेला सिमेंटचं झाड करून देणार म्हणे. "अगदी खऱ्यासारखं." मी चहा दिला आणि "कळवते" म्हटलं.

मला एवढंच कळतं की सासूबाईंच्या जुन्या घराच्या पडवीत बसून जेवताना जे वाटतं ते इथे वाटलं पाहिजे. पण पडवीत रोज ४० माणसं जेवत नव्हती, आणि पावसात तिथेही झड आत यायची. यांचं म्हणणं, आजकाल लोक एसी मागतात. एसी नको, स्लॅब नको, फणस पाहिजे, पावसाळ्यातही धंदा चालला पाहिजे. जमेल का? की मी शहरातून आलेल्या बाईसारखं बोलतेय?

तिरकी_रेघ

रत्नागिरीत नकाशे काढतो, त्यामुळे धंद्याचं बोलणं समजून वाचा.

जेसीबी आणू नका. निदान एक जुलै महिना जाऊ द्या. चांगला पाऊस लागला की छत्री घेऊन जागेवर उभ्या राहा आणि सड्यावरचं पाणी तुमच्या जागेत कुठून शिरतं, कुठे दोन वाटा होतात, कुठे थांबतं तिथे खुंट्या मारा. ते गडगे कुणी हौसेने रचलेले नाहीत. माती आणि पाणी अडवायला ते नेमक्या ठिकाणी घातलेले असतात. जागा सपाट केलीत की ते पाणी तुमच्या मागच्या भिंतीवर येऊन बसेल, मग भिंतीला ओल, मग वॉटरप्रूफिंगवाला, मग दरवर्षी तोच.

दुसरं, तुमची खरी अडचण अजून तुमच्या लक्षात आलेली नाही. खाडी पश्चिमेला. पाऊस नैर्ऋत्येकडून. संध्याकाळचं ऊन पश्चिमेचं. म्हणजे जिकडे बघायचंय तिकडूनच झड आणि तिकडूनच डोळ्यांवर ऊन. ठेकेदार तिथे मोठी काच लावेल आणि एप्रिलमध्ये तुम्ही त्या काचेला पडदे लावाल. इमारतीचा लांब अंग वायव्येकडे वळवा. खाडी तिरकी दिसेल, पण दिसेल. पश्चिमेच्या टोकाला फणस येऊ द्या, तो बारा महिने हिरवा, उन्हाला आडवा तोच येईल.

छपराची पाखं खाली आणा. वळचण साडेसहा-सात फुटांवर, आणि भिंतीच्या बाहेर चार फूट. लोक म्हणतात अंधार होईल. बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण चार फुटांवर असते. वळचण खाली असली की पांढरंफटक आभाळ कापलं जातं आणि फक्त खाडी आणि झाडी उरते. पडवीत बसल्यावर तुम्हाला जे वाटायचं त्यातला अर्धा भाग हा आहे. उरलेला अर्धा सासूबाईंच्या हाताचा, तो मला काढता येत नाही.

आता स्वयंपाकघर. "निसर्गात मिसळलेलं" म्हणून लोक फोटो पाठवतात त्यात ते कधी दिसत नाही, आणि जागेची वाट तिथूनच लागते. ४० माणसांना बसायला माझ्या हिशेबाने ६०० चौरस फूट पुरतात, पण स्वयंपाकघर, धुण्याची जागा, कोठार, संडास मिळून आणखी ४०० लागतात. दुपारी वारा समुद्राकडून येतो, पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून. दोन्हीचा हिशेब धरला तर चूल ईशान्येला, म्हणजे तुमच्या बाबतीत वर रस्त्यालगत. रात्री मात्र वारा फिरतो, जमिनीकडून खाडीकडे वाहायला लागतो, आणि तळलेल्या बांगड्याचा धूर बरोबर पंक्तीवर. म्हणून धुराडं आढ्याच्या वर निदान तीन फूट न्या.

पाण्याचंही बघा. १००० चौरस फूट छप्पर आणि वर्षाचा ३००० मिलिमीटर पाऊस धरला तर पावणेतीन लाख लिटर पाणी पन्हळीतून जातं. तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये टँकर येत असेल तर हा आकडा तुमच्या यांना दाखवा.

आणि सड्याच्या बाजूला काहीही खणण्याआधी कातळ झाडून बघा. रत्नागिरी, राजापूरच्या सड्यांवरची काही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यापलीकडेही कितीतरी आहेत आणि माती-गवताखाली झाकलेली असतात. खोदल्यावर कळून उपयोग नाही.

खाडीकाठचा

ताई, रागावू नका, पण मी हे सगळं करून बसलोय. मालवणच्या अलीकडे माझी खानावळ आहे, ११ वर्षं झाली. वरच्या साहेबांचं बरोबर आहे, पण त्यांनी वानरांचं नाव घेतलं नाही.

मंगलोरी कौलं घातलीत की वानर येणार. आंब्यावरून छपरावर, छपरावरून फणसावर. एका उडीत चार कौलं. आमच्या वाडीत निम्म्या घरांवर पत्रे आले ते काय लोकांना पत्रा आवडतो म्हणून नव्हे. मी आता खाली पत्रा आणि वर कौलं असं केलंय. कौल फुटलं तरी आत गळत नाही, आणि ताटात केरही पडत नाही. बघणाऱ्याला कळत नाही. कळलं तरी सोलकढी प्यायल्यावर कोण विचारतो.

फणसाचं. मला हौस आलेली, आंब्याचं झाड छपरातून वर काढलं. आवस (आई) तेव्हाच म्हणाली, "अरे, झाडाक छपरात कित्याक घेतस? छप्पर झाडाखाली ने." ऐकलं नाही. पहिल्या पावसात पाणी बुंध्यावरून पाझरत थेट पाच नंबरच्या टेबलावर. डांबर लावलं, रबर लावलं, एका गृहस्थांनी सांगितलेलं कसलंसं महागडं फोम भरलं. झाड वाऱ्यात हलतं हो! ते काय खांब आहे? फट पुन्हा उघडते. आणि तांबड्या मुंग्यांचा रस्ता तो. एका बाईंच्या पदरावर चढल्या, त्या जेवण टाकून गेल्या. तिसऱ्या वर्षी छप्पर कापून झाडाच्या अलीकडे आणलं. तुम्ही पहिल्यापासून अलीकडेच थांबा, आणि फणसाखाली नुसता पार करा. पण पिकलेला फणस डोक्यात पडायच्या आधी उतरवायचा, हे सांगायला नकोच.

सारवलेली जमीन वगैरे मनात असेल तर विसरा. अन्न परवान्याला जमीन, भिंती धुता येतील अशा लागतात. स्वयंपाकघरात सहा-सात फुटांपर्यंत सरळ पांढऱ्या टाइल्स लावा, तिथे कसला आलाय निसर्ग. जेवायच्या ठिकाणी पॉलिश न केलेली लाल कोबा किंवा खरखरीत दगड. गुळगुळीत लावलंत तर जुलैत शेवाळ, आणि शेवाळावर आजोबा.

सांडपाणी कुठे सोडणार? तुमच्या खाली कुणाची विहीर आहे का? जांभा सच्छिद्र असतो, वर ओतलेलं खाली निघतं. माझ्या एका नातेवाइकाचा शेजाऱ्याशी ह्यावरून बोलणं बंद होऊन आता सहा वर्षं झाली.

सड्यावरची

बाई गं. विहीर आहे. दक्षिणेला, खालच्या अंगाला, चुलत सासऱ्यांची. मी तर शोषखड्डा बरोबर तिच्या वरच धरला होता.

तिरकी_रेघ, चूल रस्त्याकडे म्हणालात तेव्हा मी आधी दचकले, कारण यांना दर्शनी भाग "चांगला" हवाय. पण मग विचार केला, डोंबिवलीत माझं केंद्र चालायला लागलं ते मी पोळ्यांचा तवा मागच्या खोलीतून पुढच्या दाराशी आणला तेव्हा. पाटीपेक्षा वासाने माणूस थांबतो. चूल पुढेच राहू दे. फक्त गडग्याच्या आडोशाला.

खाडीकाठचा, पत्र्यावर कौलं हे फसवणूक नाही ना वाटत? मी टाइलवाल्याला हसले आणि आता मीच.

पोर्तोकर

मी मूळचा चिपळूणचा, सध्या पोर्तुगालमध्ये पोर्तोला. धागा वाचून राहवलं नाही.

इथून जवळ लेसा द पाल्मेइरा इथे अटलांटिकच्या खडकांत बोआ नोव्हा नावाचं चहाघर आहे, आता मोठ्या दराचं रेस्टॉरंट झालंय. १९५६ मध्ये फर्नांदो ताव्होरा या वास्तुविशारदाने त्याची स्पर्धा जिंकली, जागा ह्या खडकांतच असं ठरवलं आणि काम आपल्या हाताखालच्या तरुण मंडळींवर सोपवलं. त्यातला आल्व्हारो सिझा पंचविशीचा, ह्याच किनाऱ्यावर वाढलेला. १९५८ ते १९६३ बांधकाम चाललं. पुढे १९९२ मध्ये त्याला प्रिट्झकर, म्हणजे वास्तुविशारदांचं मोठं पारितोषिक, मिळालं.

लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला आम्ही गेलो. (बिल सांगत नाही, बायको हा धागा वाचेल.) गाडी लावल्यावर इमारत अशी समोर येतच नाही. पांढऱ्या भिंती, चौथरे, पायऱ्या. चढताना कधी समुद्र दिसतो, कधी भिंतीआड जातो. छप्पर लाल कौलांचं आणि इतकं खाली की दारात मी नकळत मान वाकवली, आपल्या माजघराच्या दारात वाकवतो तशी. आत लाकडाचं छत. आणि जेवायच्या दालनातली समुद्राकडची काच खाली जमिनीत सरकते! मग छताचं लाकूड तसंच बाहेर वळचणीपर्यंत जातं आणि तुम्ही आत आहात की पडवीत, हे सांगता येत नाही. खडक कुठेही फोडून सरळ केलेले नाहीत, भिंतीच त्यांना वळसा घालून गेल्यात.

ताई, फसवणुकीबद्दल. तिथे भिंती पांढऱ्या गिलाव्याच्या आहेत, काँक्रीटही आहे. खडकासारखं दिसायचा प्रयत्न कुठेच नाही. तरी ती जागेतून उपटून काढता येणार नाही अशी बसलीय. तुमचा पत्रा पाणी अडवतो, कौल ऊन अडवतं. दोघं आपापलं काम करतात. टाइलवरचा चिरा काय करतो?

खारं वारं मात्र कुणाला सोडत नाही. ती इमारतही मध्यंतरी खराब झाली होती, २०१४ मध्ये सिझानेच दुरुस्त केली.

तुमच्याकडेही रस्त्यावरून लगेच खाडी दाखवू नका. आधी पायऱ्यांनी वळवा, गडग्याआड न्या, मग एकदम उघडा.

सड्यावरची

वाचताना अंगावर काटा आला, खरंच. पण पोर्तोकर, माझ्या गिऱ्हाइकांत निम्मे गुडघे बदललेले असतात, उरलेले बदलायचे राहिलेले. पायऱ्यांनी वळवलं तर आजी गाडीतच बसून राहतील आणि सुनेला म्हणतील, "तू ये जाऊन जेवून." मग सून तरी कशी येणार!

तिरकी_रेघ

आजींचा मुद्दा मान्य. उतरण करा, पायऱ्या बाजूला राहू द्या. चालत्या माणसाला आणि चाकाच्या खुर्चीलाही चालेल असा उतार १ ला १२. तुमच्या जागेचा उतार १ ला ५, म्हणजे सरळ उतरता येणार नाही. पण रस्त्यापासून २० फुटांवर जमीन ४ फूट खाली आहे. तिथे जेवायची पहिली पायरी (म्हणजे बसायचा सपाट टप्पा) धरा. ४ फुटांसाठी ४८ फूट उतरण. ती वरच्या गडग्याला लागून २४ फूट उत्तरेला, मग वळून २४ फूट परत. वळणावर टेकायला एक कट्टा. पोर्तोकरांचं "आधी लपवा, मग दाखवा" आपोआप झालं, आणि आजींना दम खायला जागा.

तिरुवनंतपुरमला कधी गेलात तर स्टेशनजवळचं इंडियन कॉफी हाउस बघा. लॉरी बेकर या वास्तुविशारदाने विटांचा एक गोल मनोरा केलाय, आत चढत जाणारी वाट, आणि बाहेरच्या भिंतीला लागून बांधलेली टेबलं-बाकं. अख्खी खानावळच उतरणीवर. भिंतीत सोडलेल्या भोकांतून वारा येतो. शहराच्या गर्दीत आहे, निसर्ग शेजारी नाही, पण उकाड्याला त्याने दिलेलं उत्तर तुमच्या पूर्वेच्या भिंतीला जसंच्या तसं लागू. चिऱ्यांची जाळी करा. पश्चिमेला नको, तिथून झड येईल.

सांडपाणी उत्तरेला न्या, विहिरीपासून जितकं लांब जाईल तितकं. आधी तेल अडवणारी टाकी, मग गाळाची, मग केळी आणि अळू. आपल्या घरांच्या मागीलदारी मोरीचं पाणी जातं तिथे अळू असतंच, फक्त तुमचं रोजचं पाणी दीड-दोन हजार लिटर असेल, तेव्हा वाफा चार घरांचा करा. फदफद्याचा प्रश्न सुटला.

श्रीलंकेत दंबुल्लाजवळ वास्तुविशारद जेफ्री बावाचं कंदलामा हॉटेल आहे, १९९४ चं. डोंगराच्या कडेने वळत जाणारं, वरून वेली सोडलेलं, दुरून झाडीच वाटते. तसं काही वेलींचं डोक्यात असेल तर—

खाडीकाठचा

वेली नकोत! साहेब, श्रीलंकेचं मला माहीत नाही, पण राजापुरात भिंतीवर वेल म्हणजे फुरशाला, त्या विषारी सापाला, जिना. गडग्याच्या फटीत ते आधीच असतं. उतरणीला रात्री बुटके दिवे लावा, पायाजवळ उजेड पाडणारे, आणि गडग्यालगत दोन फूट पट्टा कायम झाडलेला ठेवा. माझ्याकडे एकदा हात धुवायच्या जागी निघालं. त्या रात्री ६० पानं व्हायची होती, १८ झाली.

चिरेखाण

फार शिकलेलो नाही, वडील आणि मी चिरे काढतो. एवढंच सांगतो.

खाणीतून काढलेला चिरा ओला आणि मऊ असतो, वाऱ्याला घट्ट होतो. आज काढला उद्या लावला असं करू नका. दोन-तीन महिने उघड्यावर पडू दे. घेताना एकेक बघून घ्या. हातोडीने हळू मारा, टणक वाजला तर घ्या, बद्द वाजला तर बाजूला. ज्याच्या भोकांत पांढरी माती भरलीय तो पावसाच्या बाजूला लावू नका, माती धुऊन जाते आणि आत पोकळ राहतो. तसला आतल्या भिंतीला चालतो.

वरून चकचकीत व्हार्निश मारायला सांगतील. एक-दोन पावसाळे लाल-लाल दिसतं, मग आत अडकलेली ओल पापुद्रे काढते. तसाच सोडा. काळा पडतो, हिरवा होतो, दिवाळीनंतर परत तांबूस दिसतो.

जागेवर खणताना चिरा लागला तर चार खड्डे घेऊन आधी दाखवा. जोत्यापुरता तिथलाच निघाला तर गाडीभाडं वाचेल.

सड्यावरची

दहा दिवस गप्प होते कारण खरोखरच काम चाललं होतं.

फक्कीने जमिनीवर आखणी केली. उतरणीच्या दोन ओळी, जेवायच्या दोन पायऱ्या, ईशान्येला चूल. मग तिरकी_रेघ यांचं साडेसहा फुटांचं गणित मला पटेना, एवढं खाली म्हणजे गोठा वाटेल असं हे म्हणत होते. म्हणून चार बांबू पुरले, साडेसहा फुटांवर आडवी काठी बांधली आणि वर माझ्या दोन जुन्या सुती साड्या पसरल्या. खाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या. चुलत सासरे, सासूबाई, शेजारचा तो पोरगा, सगळ्यांना पाळीपाळीने बसवलं.

चार वाजता छान. पाचला छान. साडेपाचला पश्चिमेच्या टोकाच्या खुर्चीवरचा पोरगा डोळे मिटून बसला. फणसाची सावली तिथे पोचतच नाही, तीन फूट कमी पडते. टोकाची ती जागा काढून अख्खी रेघ तीन फूट आत घेतली, दोन टेबलं गेली. ३२ जणांची खानावळ झाली. हे म्हणाले, "सुरुवातीलाच आठ गिऱ्हाइकं घालवलीस." मी म्हटलं, ती आठ पारावर बसतील, फणसाखाली, दिवाळी ते मे.

सासूबाई बराच वेळ साडीखाली बसून होत्या. बोलल्या काहीच नाहीत. मग उठून वळचणीच्या काठीला हात लावला, अंदाज घेतला आणि म्हणाल्या, "वितभर अजून खाली घे. नाहीतर गणपतीत भिजाल."

वितभर खाली घेतली. आता हे वाकून येतात-जातात.

चिरेखाण, पन्नास-साठ चिरे आधी बघायला यायचंय, बद्द वाजणारा आणि टणक वाजणारा दोन्ही ऐकवाल का? आणि खाडीकाठचा, ते पत्र्यावर कौलं टेकवायला लाकडी रिपा मारल्यात की लोखंडी? खारी हवा आमच्याकडेही आहे.

खाडीकाठचा

लाकडी. लोखंडी मारल्या होत्या, चार वर्षांत खाल्ल्या. फोटो पाठवतो, पण खालून काढलेला आहे, वर चढलो की वानर अंगावर येतात.